येनेव्हर, फेणी आणि मळीची व्हिस्की : आवड नेमकी कुठे ठरते?

नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या मराठी माणसाला 'बोरल' हा शब्द फार लवकर शिकावा लागतो. शुक्रवारी चारच्या सुमारास ऑफिसातली मंडळी लॅपटॉप मिटतात, कोणीतरी फ्रिज उघडतं, गरमागरम बिटरबालन येतात आणि उभ्या उभ्या गप्पा सुरू होतात. हाच बोरल. शनिवारी आपल्या लोकांत बसलं की त्याची मराठी आवृत्ती निघते, फक्त बिटरबालनच्या जागी चकली आणि मसाला शेंगदाणे. अशा बैठकीत ठरलेली वाक्यं ऐकू येतात. "बिअर? कडू लागते बुवा." "वाईनने माझं डोकं दुखतं." "आमची व्हिस्की बाधत नाही, चांगल्या प्रतीची असते ना!" "फेणीचा वाससुद्धा नको."

प्रत्येकाला वाटतं की आपली आवड ही आपल्या जिभेची पारख आहे. पण त्या आवडीत जिभेचा वाटा किती, नाकाचा किती, ग्लासातल्या रसायनांचा किती आणि नुसत्या सवयीचा किती? हे सोडवून बघायला सगळ्यात सोयीचं पेय इथलंच आहे : येनेव्हर.

येनेव्हर म्हणजे जिनची आजी. इंग्रजांनी ते नाव तोडून 'जिन' केलं. पण जिनमध्ये मूळ दारूला स्वतःची चव जवळजवळ नसते आणि सगळा सुगंध वनस्पतींचा असतो. जुन्या पद्धतीच्या येनेव्हरमध्ये मूळ दारूच चवदार असते. तिला 'मौटवाईन' म्हणतात. नावात वाईन असली तरी द्राक्षाशी तिचा संबंध नाही. बार्ली, राय आणि मका या धान्यांपासून ती करतात. आपण मटकीला मोड आणतो तसे बार्लीला मोड आणून ती वाळवायची. मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर तयार होतं आणि ते स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतं. ती साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल सोडतं. मग ते आंबवण तीनदा गाळायचं. पहिल्या खेपेला निघालेल्या द्रवात साधारण १२ टक्के अल्कोहोल असतं, दुसऱ्या खेपेला २४ च्या आसपास, तिसऱ्या खेपेला ४६ ते ४८.

गोव्याशी नातं असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. काजूची बोंडं तुडवून रस काढायचा, तो आंबवायचा आणि भट्टीत गाळायचा. पहिल्या गाळणीतून निघतं ते उराक, साधारण १५ टक्क्यांचं. ते पुन्हा गाळलं की फेणी, चाळीस-बेचाळीस टक्क्यांच्या पुढची. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. पण गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, युरोपीय संघाच्या नियमात 'येनेव्हर' हे नावही ठरावीक प्रदेशापुरतं राखीव झालं. एक धान्याची, एक फळाची, पण दोन्हींचा स्वभाव एकच : हळूहळू, थोड्या टक्क्यांच्या पायऱ्या चढत गाळायचं, म्हणजे अल्कोहोलबरोबर बाकीचे वासही ग्लासापर्यंत पोचतात.

इथे आपल्या 'पहिल्या धारेची' या शब्दाकडे वळायला हवं. मराठीत तो कौतुकाचा शब्द आहे. गाळताना आधी उडतात ती कमी तापमानाला उकळणारी द्रव्यं. ॲसिटाल्डिहाइड २० अंश सेल्सिअसला उकळतं, मिथेनॉल ६५ ला, इथेनॉल ७८ ला, पाणी १००ला. त्यामुळे सुरुवातीची धार तीव्र असते हे खरंच. पण तिच्यात नेल पॉलिश रिमूव्हरसारखा वास देणारी आणि नाक झोंबवणारी द्रव्यंही सगळ्यात जास्त असतात. म्हणून जाणता गाळणारा पहिला थोडा भाग बाजूला काढतो, मधला ठेवतो आणि शेवटचा ओल्या पुठ्ठ्यासारख्या वासाचा भाग पुन्हा पुढच्या खेपेत टाकतो. 'पहिल्या धारेची' म्हणून जी वाखाणली जाते ती खरं तर मधल्या धारेची असायला हवी.

याच संदर्भात एक समज धोक्याचा आहे. पहिली धार फेकली की मिथेनॉल गेलं आणि दारू सुरक्षित झाली, असं अनेकांना वाटतं. मिथेनॉल पाण्यात इतकं मिसळून असतं की ते एकदम सुरुवातीला निघून जात नाही, पुढेही थोडं थोडं येत राहतं. सुदैवाने आंबवताना ते मुळात थोडंच तयार होतं : फळांतल्या पेक्टिनपासून जरा जास्त, धान्यापासून नगण्य. विषारी दारूचे मोठे बळी जातात ते भट्टीतल्या चुकीने नव्हे, तर कारखान्यात वापरायचं मिथेनॉल कोणीतरी दारू म्हणून विकल्याने. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसं मेली ती अशाच मिथेनॉलने. चवीवरून ते ओळखता येत नाही. मिथेनॉलचा वास आणि चव इथेनॉलच्या इतकी जवळ आहे की जिभेची पारख इथे काहीच कामाची नाही.

आता परत रॉटरडॅमच्या शेजारच्या स्खीडाम या गावी येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या एका गावात चारशेच्या आसपास भट्ट्या होत्या. कोळशाच्या धुराने गाव इतकं काळं पडलं होतं की लोक त्याला 'काळं नाझरेथ' म्हणत. धान्य दळायला पवनचक्क्या लागत आणि घरांच्या वरून जाणारा वारा पकडता यावा म्हणून त्या उंचच उंच बांधलेल्या. जगातल्या सगळ्यात उंच पारंपरिक पवनचक्क्या आजही तिथेच उभ्या आहेत. वेळ मिळाला तर ट्यूलिप सोडून एकदा ते गाव बघावं, असं माझं मत.

मग भट्ट्यांचं साम्राज्य का बुडालं? एक कारण तंत्रज्ञानाचं. १८३० मध्ये इनियस कॉफी याने सतत चालणाऱ्या स्तंभ-भट्टीचं पेटंट घेतलं. या उंच स्तंभात वाफ वर जाताना थराथरावर पुन्हा पुन्हा थंड होते आणि पुन्हा पुन्हा उकळते. मौटवाईनला तीन गाळण्या, इथे एकाच फेरीत डझनावारी. वर निघतं ते ९५-९६ टक्क्यांचं, जवळजवळ बिनवासाचं अल्कोहोल. कच्चा माल काहीही चालतो, कारण त्याची चव उरतच नाही. स्वस्तात स्वस्त कच्चा माल म्हणजे साखर कारखान्याची मळी. इथे बीटाची, आपल्याकडे उसाची.

पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आली तेव्हा येनेव्हर करणारे या बिनवासाच्या अल्कोहोलकडे वळले आणि लोकांना ती हलकी चव आवडून गेली. तिला नाव पडलं 'योंगे', म्हणजे तरुण. जुन्या पद्धतीची ती 'औडे', म्हणजे म्हातारी. दुकानात उभं राहून बहुतेक नवखे समजतात की औडे ही पिंपात वर्षानुवर्षं ठेवलेली असणार. तसं नाही. फरक पद्धतीचा आहे, वयाचा नाही. योंगेमध्ये मौटवाईन जास्तीत जास्त १५ टक्के आणि साखर लिटरला १० ग्रॅमपर्यंत. औडेमध्ये मौटवाईन किमान १५ टक्के आणि साखर २० ग्रॅमपर्यंत. मौटवाईन निम्म्याहून जास्त असेल, किमान ५१ टक्के, तर तिला कोरनवाईन म्हणतात. माझ्या मते व्हिस्की आवडणाऱ्याने येनेव्हरची सुरुवात कोरनवाईनपासून करावी. योंगेने सुरुवात केली तर "ही तर व्होडकाच" म्हणून तो कायमचा पाठ फिरवेल.

आणि आपली व्हिस्की? भारतात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत मुख्य भाग मळीपासून काढलेल्या बिनवासाच्या अल्कोहोलचा असतो आणि चवीपुरती माल्ट व्हिस्की मिसळलेली असते. युरोपीय नियमानुसार व्हिस्की धान्याचीच हवी, म्हणून अशा बाटलीला इथे ते नाव लावता येत नाही. अमृत किंवा पॉल जॉन यांच्या माल्ट वेगळ्या, त्या बार्लीच्याच. थोडक्यात, सांगली-कोल्हापूरकडच्या मळीतून निघणारं अल्कोहोल आणि योंगे येनेव्हरमधलं अल्कोहोल ही रसायनाच्या भाषेत सख्खी भावंडं. रेणू तोच. नावं ठेवायची तर दोघांनाही ठेवावी लागतील.

येनेव्हरला नाव देणारं फळ म्हणजे ज्युनिपर. दिसतं बोरासारखं, पण ते फळच नाही. पाइनच्या जातीच्या झुडपाचा तो मांसल झालेला शंकू आहे. त्याच्या वासात मोठा वाटा अल्फा-पायनीनचा, म्हणजे जो रेणू चीडच्या जंगलात आणि टर्पेंटाइनच्या डब्यात असतो त्याचाच. ज्युनिपर हिमालयातही उगवतं; आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात. इथेही ते मुळात औषधच होतं. लायडन विद्यापीठातले प्राध्यापक फ्रान्सिस्कुस सिल्वियुस यांनी येनेव्हर शोधलं, अशी कथा पर्यटकांना हटकून सांगतात. सिल्वियुस यांचा जन्म १६१४ चा. आणि १६२३ साली लंडनमध्ये छापलेल्या फिलिप मॅसिंजरच्या एका नाटकात या दारूचा उल्लेख आहे. नऊ वर्षांच्या मुलाला श्रेय द्यायचं नसेल तर ती कथा सोडून द्यावी.

हे झालं ग्लासातलं. आता तोंडातलं.

इथेनॉल जिभेला थोडं गोड, थोडं कडू लागतं, पण पहिली जाणीव होते ती जळण्याची. हे जळणं चवीचं नाही. तोंडात आणि घशात टीआरपीव्ही-१ नावाचा एक ग्राही आहे. सुमारे ४२ अंशांपुढच्या उष्णतेला तो 'भाजतंय' अशी हाक देतो. मिरचीतलं कॅप्सायसिन त्याच ग्राहीला चिकटतं, म्हणून झणझणीत रस्सा थंड असला तरी तोंड पेटतं. अल्कोहोल वेगळा डाव करतं : ते या ग्राहीचा उंबरठा खाली आणतं, ४२ वरून ३४ अंशांच्या आसपास. म्हणजे आपल्याच शरीराचं तापमान त्याला भाजणारं वाटू लागतं. घशात काहीच तापलेलं नसतं. योंगे येनेव्हर फ्रीझरमधून काढून देतात त्याचं कारणही इथे सापडतं. थंडीने तोंड त्या उंबरठ्याखाली राहतं आणि दारू 'मऊ' लागते. औडे मात्र खोलीच्या तापमानाला देतात, कारण थंडीत सुगंधी रेणू उडत नाहीत आणि तिच्यात वासच तर बघायचा असतो. 'मऊ' हा शब्द म्हणून जपून वापरावा. थंड केली, साखर घातली, पाणी मिसळलं की कुठलीही दारू मऊ होते. तिच्यातलं अल्कोहोल तेवढंच राहतं.

येनेव्हर प्यायच्या पद्धतीतही थोडं भौतिकशास्त्र आहे. ट्यूलिपच्या आकाराचा छोटा ग्लास अगदी काठोकाठ भरतात आणि पहिला घोट ग्लास न उचलता, हात मागे ठेवून, वाकून सुर्रकन ओढायचा असतो. द्रवाचा फुगवटा काठावर तोलून धरतो तो पृष्ठताण. ३५ टक्के अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असतो, तेव्हा ओतणाऱ्याचा हात स्थिर हवा. शेजारी बिअरचा ग्लास ठेवला की या जोडीला म्हणतात 'कोपस्टोट'. शब्दशः अर्थ : डोक्याने दिलेली टक्कर.

बिअरचा कडवटपणा हॉप्सच्या फुलांतून येतो. ती फुलं उकळली की आयसोह्युम्युलोन नावाची कडू द्रव्यं तयार होतात. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राही आहेत आणि त्यांच्या जनुकांत माणसागणिक फरक असतो. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स हा रसायनशास्त्रज्ञ पीटीसी नावाची पूड हाताळत असताना ती उडाली; सहकाऱ्याला तोंडात भयंकर कडू लागलं आणि फॉक्सला काहीच नाही. त्या फरकामागचं मुख्य जनुक पुढे सापडलं, टीएएस२आर३८. मग "मला बिअर कडू लागते" म्हणणारा माणूस कदाचित खरंच जास्त कडू चाखत असेल? काही अंशी, हो. पण हॉप्सची द्रव्यं मुख्यतः दुसऱ्या ग्राहींना चिकटतात, त्यामुळे पीटीसीवरून बिअरचं भाकीत करता येत नाही.

शिवाय गंमत अशी की कडू जास्त लागणं म्हणजे नावडणं नव्हे. ब्रिटनमधल्या चार लाखांवर लोकांच्या माहितीवर २०१८ साली झालेल्या एका अभ्यासात, कॅफीनचा कडूपणा ज्यांना जनुकांमुळे जास्त जाणवतो ते लोक कॉफी जास्त पिताना आढळले! वर्षभराने आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने कडू आणि गोड पेयांच्या आवडीशी जोडलेली जनुकं शोधली, तर ती चवीची निघालीच नाहीत. ती निघाली पेयाच्या मेंदूवरच्या परिणामाशी संबंधित. कारलं आणि मेथी लहानपणी थुंकणारा मुलगा मोठेपणी ती मागून खातो, हे आपण बघतोच. दारूच्या बाबतीत शिकणं आणखी पक्कं होतं, कारण कडू घोटानंतर वीस मिनिटांनी मेंदूला बरं वाटतं आणि मेंदू त्या बरं वाटण्याची पावती त्या चवीच्या नावाने फाडतो. आपल्याला 'चव आवडते' असं वाटू लागतं.

नाकाकडे येताना ॲमस्टरडॅमच्या गल्ल्यांची आठवण येणारच. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीतली बिअर उन्हात ठेवली तर तिला एक उग्र वास येतो. प्रकाशाने हॉप्सची कडू द्रव्यं तुटतात, त्यात रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व मदत करतं, आणि गंधकाचा एक रेणू तयार होतो. लिटरमध्ये ग्रॅमच्या काही अब्जांश भागाइतका असला तरी नाकाला तो कळतो. इंग्रजी पुस्तकं या वासाला स्कंकची उपमा देतात, पण आपण कुठे स्कंक हुंगलाय? डच उपमा सोपी आहे. २०२१ साली रसायनशास्त्रज्ञांना गांजाच्या उग्र वासात नेमका हाच रेणू सापडला. हॉप्स आणि गांजा एकाच वनस्पतिकुळातले आहेत. तपकिरी बाटली तो प्रकाश अडवते, हिरवी फारसा अडवत नाही.

डोळ्यांचा वाटा तर जिभेला लाज आणणारा आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दोच्या ५४ वाईन-विद्यार्थ्यांना पांढरी वाईन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. किमतीचंही तसंच : तीच वाईन महाग म्हणून दिली की जास्त आवडते आणि मेंदूतली आनंदाशी निगडित जागाही जास्त उजळते, असं २००८ च्या एका प्रयोगात दिसलं.

राहिला "चांगली असते म्हणून बाधत नाही" हा दावा. त्यात थोडं तथ्य आहे. बिनवासाच्या अल्कोहोलमध्ये नसलेली जी इतर द्रव्यं चवदार दारूत असतात, त्यांनी दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी वाढते. बर्बन आणि व्होडकाची २०१० साली तुलना झाली. बर्बनमध्ये अशी द्रव्यं ३७ पट होती आणि सकाळी माणसांना बर्बनने जास्त वाईट वाटलं. पण लक्ष देण्याच्या चाचणीत दोन्ही गट सारखेच घसरले. म्हणजे गणित उलटं आहे : साधी, मळीची, बिनचवीची दारू डोक्याला कदाचित कमी बाधेल आणि नामांकित, पिंपात मुरलेली जास्त. यकृताला मात्र दोन्ही सारख्याच. कर्करोगाच्या बाबतीतही तेच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला पहिल्या गटात टाकलं आणि त्यात प्रतीचा अपवाद नाही.

इथे आपल्या लोकांचा एक घोळ होतो तो मोजमापाचा. डच डॉक्टर विचारतो, "आठवड्याला किती ग्लास?" त्याच्या डोक्यातला ग्लास म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल : २५० मिलिलिटर साधी बिअर, १०० मिलिलिटर वाईन किंवा ३५ मिलिलिटर येनेव्हर. ग्लासांचे आकारच असे की हिशोब सारखा यावा. आपण मोजतो पेगमध्ये. ६० मिलिलिटरचा पेग, ४२.८ टक्क्यांची भारतीय व्हिस्की : अल्कोहोल २० ग्रॅम. म्हणजे एक पेग हे दोन डच ग्लास. शुक्रवारी दोन आणि शनिवारी दोन पेग घेणारा डॉक्टरला प्रामाणिकपणे "चार" सांगतो. खरं उत्तर आठ असतं. इथल्या आरोग्य परिषदेचा २०१५ चा सल्ला आहे की पिऊ नका, किंवा निदान दिवसाला एका ग्लासापेक्षा जास्त नको. घरी बिनमापाने ओतलेला 'पटियाला' १२० मिलिलिटरचा धरला तर तो एकटाच चार ग्लास. बेल्जियन ट्रिपलची ३३० मिलिलिटरची बाटली ९ टक्क्यांची असेल तर सव्वादोन ग्लासांहून थोडी जास्तच, आणि भारतातून आलेली ६५० मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर चार. शरीर एक डच ग्लास निपटायला एक ते दीड तास घेतं. रक्तातली ०.५ प्रति हजारची मर्यादा सायकल चालवणाऱ्यालाही लागू आहे, हे बोरलनंतर पेडल मारणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं.

अल्कोहोल काढून टाकलेली ०.० बिअर आता प्रत्येक बोरलमध्ये असते आणि पहिल्यांदा पिणाऱ्याला ती गोडसर, कढवलेल्या सातूच्या पाण्यासारखी लागते. तिच्यात जळजळ नसते, आणि वास नाकापर्यंत कसे पोचतात तेही अल्कोहोल नसल्याने बदलतं. हॉप्स मात्र तिच्यातही असतात. तेव्हा ०.० असली तरी हिरवी बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवू नये. शेजाऱ्यांना वेगळाच संशय येईल.